अखेरचे बिल आणि बुजवलेला चर



या पानावर मी एरवी बेणे, खोडवा, हुमणी आणि पाचट यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा वाटेल, पण तोही उसाच्या मुळाशीच जातो. गेल्या उन्हाळ्यात आपल्या गटातल्या एका सभासदाचा सहा एकर आडसाली ऊस सत्तावीस दिवस पाण्यावाचून उभा होता. विहिरीला पाणी होते, वीज होती, मोटारही धडधाकट होती. जागेवर नव्हते ते फक्त दोन नग. एक स्टार्टर आणि एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. हे दोन्ही जेसीबीवाल्याच्या घरी पोत्यात गुंडाळून ठेवलेले होते. त्याचे म्हणणे एवढेच, "माझं अखेरचं बिल द्या अन् सामान घेऊन जा."

कांडी धरायच्या ऐन दिवसांत आडसालीच्या तीन पाळ्या चुकल्या. मी प्लॉटवर गेलो तेव्हा पाने सुरळीसारखी वळलेली होती. मालक बांधावर बसून म्हणाले, "साहेब, मी तर त्या जेसीबीवाल्याला ठेका दिलेलाच नाही. मी त्याचं देणं लागतोच कसा?" जेसीबीवाला म्हणाला, "राबलो कुणाच्या रानात? पाणी कुणाचं चाललं?" आणि ज्याने सगळा ठेका घेतला होता तो पाइपलाइनवाला म्हणाला, "मालक मला देईल तेव्हा मी ह्याला देईन." तिघांचेही बोलणे ऐकायला खरेच वाटते. अशा तंट्यात तो तिढा असतो.

मी वकील नाही. पण या प्रकरणात दोन महिने मध्यस्थी करावी लागली, आणि त्या निमित्ताने कारखान्याच्या कायदा सल्लागारांकडे बसून जे समजून घेतले ते येथे मांडतो. हल्ली प्रत्येक सभासद कधी ना कधी मालक असतो. विहीर, पाइपलाइन, शेततळे, ठिबक, घर, गोठा, काही ना काही काम निघतेच. आणि ज्यांच्याकडे ट्रॅक्टर किंवा जेसीबी आहे ते सभासद दुसऱ्याच्या कामावर पोटठेकेदारही असतात. म्हणून दोन्ही बाजूंनी वाचावे.

आधी हकीकत

ओढ्याकाठच्या विहिरीपासून वरच्या रानापर्यंत ३,२०० फूट पाइपलाइन टाकायची होती. नळ्या मालकाने आणून द्यायच्या. चर खोदणे, नळी जोडून टाकणे आणि चर बुजवणे हे सगळे ४५ रुपये फुटाने पाइपलाइनवाल्याने घेतले. म्हणजे १,४४,००० रुपये झाले. कागद काहीच नाही, चहा पिऊन व्यवहार ठरला. पाइपलाइनवाल्याकडे जेसीबी नव्हता. त्याने खोदाई आणि बुजवणी २२ रुपये फुटाने जेसीबीवाल्याला दिली. तोही व्यवहार तोंडीच.

दोन हजार फूट मुरमातून सुखाने गेले. पुढे माळाच्या पोटाला खडक लागला. जेसीबीच्या बकेटला तो दाद देईना. मालक तिथेच उभे होते. ते म्हणाले, "घाल ब्रेकर, पैशाचं बघू नंतर." सभासदहो, हे "बघू नंतर" ध्यानात ठेवा, सगळे महाभारत तिथून सुरू झाले. ब्रेकर चालला. किती तास चालला यावर पुढे वाद झाला. चर बुजला, पाणी चालू झाले, सगळे खूश. मालकाने टप्प्याटप्प्याने १,१०,००० रुपये दिले आणि उरलेले ३४,००० "ऊस बिल आल्यावर देतो" म्हणाले.

तीन महिन्यांनी, मार्चमध्ये, मधल्या मोकळ्या पट्टीत नांगर लावला आणि फाळ नळीत घुसला. पाण्याचे कारंजे उडाले. उकरून पाहतात तो चर अवघा दीड फूट. दीड फुटाच्या चरात सहा इंची नळी घातली तर वर माती राहते फूटभर. पल्टी नांगर फूटभर जातोच. मालकाचे डोके फिरले. "एक पैसा देणार नाही" म्हणाले. पाइपलाइनवाल्याने हात वर केले. जेसीबीवाल्याचे ३७,६०० रुपये अडकले, त्यात ब्रेकरचे १४ तास त्याने १,८०० रुपयांनी लावलेले. त्याच्या मशीनचा हप्ता थकला. एप्रिलमध्ये एका रात्री तो विहिरीवर गेला आणि स्टार्टर अन् व्हॉल्व्ह खोलून घेऊन आला.

तीन माणसे, दोन करार

येथे माणसे तीन आहेत, पण करार दोनच आहेत. एक मालक आणि पाइपलाइनवाला यांचा. दुसरा पाइपलाइनवाला आणि जेसीबीवाला यांचा. मालक आणि जेसीबीवाला यांच्यात करार नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि आपल्या न्यायालयांनी धरलेला सर्वसाधारण नियम असा की ज्याच्याशी करार त्याच्याकडेच पैसे मागावेत. म्हणजे पोटठेकेदाराचा दावा मुख्य ठेकेदारावर चालतो, मालकावर नाही. आपल्या तोडणी-वाहतुकीत हेच रोज दिसते. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा टोळीशी. मुकादम उचल घेऊन पळाला तर वाहतूकदार कारखान्याला "तुम्ही भरा" म्हणू शकत नाही, हे ट्रॅक्टरवाल्या सभासदांनी चटके खाऊन शिकलेले आहे. (प्रत्यक्ष राबणाऱ्या मजुराच्या मजुरीचे कायदे मात्र निराळे आहेत. तिथे मुख्य मालकाला हात झटकता येतीलच असे नाही.)

पण याचा उलटा अर्थही ध्यानात घ्या. "मालक देईल तेव्हा मी देईन" हे पाइपलाइनवाल्याचे बोलणे तेवढ्याने चालत नाही. तसे आधी ठरलेले असेल तर गोष्ट वेगळी. ठरलेले नसेल तर मालकाने दिले न दिले, जेसीबीवाल्याचे खोदाईचे पैसे ही पाइपलाइनवाल्याची स्वतःची जबाबदारी आहे.

मालक मधे अडकतो तो स्वतःच्या तोंडाने. पोटठेकेदाराला समोर उभे करून "तू काम कर, ह्याने नाही दिले तर मी देतो" असे म्हटले की नवा व्यवहार उभा राहिल्याचा दावा होऊ शकतो. दुसरी चूक भिडेपोटी होते. पोटठेकेदार दारात येऊन बसतो, बायको-पोरांची शपथ घालतो, आणि मालक परस्पर त्याला पैसे देऊन टाकतो. उद्या मुख्य ठेकेदार म्हणतो, "माझ्या हिशेबातले पैसे दुसऱ्याला दिलेत कसे? मला माझे पूर्ण हवेत." मग एकाच कामाचे दोनदा पैसे द्यायची पाळी येते. परस्पर द्यायचेच असतील तर मुख्य ठेकेदाराकडून आधी एक ओळ सहीनिशी घ्यावी, की "माझ्या बाकीपैकी अमुक रुपये अमक्याला द्यावेत, ते मला पोहोचले असे समजावे." ही एक ओळ फार उपयोगाची आहे. आमच्या प्रकरणाचा शेवटही तिच्यावरच लागला.

"बघू नंतर"ची किंमत

ब्रेकरचे पैसे कोणी द्यायचे? मालक म्हणत, फुटाचा दर ठरला म्हणजे त्यात खडकही आला. तसे ठरलेले असते तर त्यांचे बरोबर होते. एकदा दर ठरल्यावर "काम महाग पडले" म्हणून ठेकेदाराला जादा मागता येत नाही. पण इथे दर ठरताना खडकाचा विषयच निघाला नव्हता, आणि खडक लागल्यावर मालकानेच उभे राहून ब्रेकर घालायला सांगितले.

करार कायद्याचे कलम ७० सांगते की एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले आणि त्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याची भरपाई दिली पाहिजे. या कलमावरचा पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकील मंडळी आजही दाखवतात. तो १९६२ च्या निकालांत छापलेला आहे. १९४४ साली बंगालच्या पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून या ठेकेदाराने आरामबाग येथे गोदामे, कच्चा रस्ता, कचेरीची आणि पहारेकऱ्याची खोली असली कामे केली. सरकारी करार ज्या नमुन्यात व्हायला हवा त्या नमुन्यात झालेला नव्हता. सरकार म्हणाले, करारच नाही, पैसे कसले? न्यायालय म्हणाले, करार नसेना, पण इमारती तुम्ही ताब्यात घेतल्या, वापरल्या. तेव्हा भरपाई द्या. मात्र त्याच निकालात हेही आहे की नको असलेले काम नाकारण्याचा हक्क समोरच्याला असतो. न विचारता गळ्यात मारलेल्या कामाचे पैसे द्यावे लागत नाहीत. आमच्या मालकाने ब्रेकर नाकारला नव्हता, मागितला होता.

राहिला प्रश्न तासांचा. जेसीबीवाल्याच्या ऑपरेटरच्या वहीत १४ तास, पण त्यावर कोणाचीच सही नाही. मालकाच्या सालगड्याने गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारल्या होत्या, त्या भरल्या नऊ. मला विचाराल तर त्या भिंतीवरच्या रेघांवर माझा जास्त विश्वास बसला. कारण त्या गरजेपुरत्या, त्या त्या दिवशी मारलेल्या होत्या, पुढे भांडण होणार हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. पण कोर्टात भिंत घेऊन जाता येत नाही. रोज संध्याकाळी वहीत तास लिहून दोघांनी सही केली असती तर हा मुद्दाच उरला नसता.

किती पैसे अडवावेत?

आता मालकाच्या बाजूचा मुद्दा. काम खोटे निघाले तर बिल अडवायचे की नाही? जरूर अडवावे. पण सगळे अडवावे का?

लंडनमधला १९५२ चा एक खटला आहे, होनिग विरुद्ध आयझॅक्स. एकाने राहती जागा सजवून कपाटे वगैरे बसवून देण्याचे काम ७५० पौंडांना उक्ते घेतले. मालकाने ४०० दिले आणि कपाटाची, दाराची खोट काढून बाकीचे ३५० अडवले. "काम पुरे नाही तर पैसे नाहीत" असा त्याचा पवित्रा. न्यायालयाने खोट दुरुस्त करायला किती लागेल ते काढले. ते सुमारे ५६ पौंड निघाले. तेवढे वजा करून बाकीचे मालकाला द्यावे लागले. हा निकाल इंग्लंडचा असल्याने आपल्याकडे बंधनकारक नाही. पण आपल्या कलम ७३ चाही रोख तोच आहे. नुकसान जेवढे झाले तेवढेच मिळते, आणि ते वाढू नये म्हणून आपणही वाजवी खटपट करायची असते. ३,२०० फुटांतले २६० फूट उथळ निघाले तर ३४,००० च्या ३४,००० अडवायचा हक्क आपोआप मिळत नाही. २६० फूट नीट करायला लागतील तेवढे अडवावेत आणि तसे लेखी कळवावे.

उशिराच्या दंडाचेही असेच. कागदावर "दिवसाला हजार रुपये दंड" लिहिलेला असतो आणि अखेरच्या बिलातून साठ दिवसांचे साठ हजार कापले जातात. कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा आहे. न्यायालय वाजवी भरपाई देते, तीही त्या मर्यादेच्या आत. शिवाय मुदत हाच कराराचा प्राण होता आणि ती टळल्यावरही आपण उशिराचे काम मुकाट्याने करून घेतले, "नुकसान मागणार आहे" असे त्या वेळी कळवले नाही, तर नंतर भरपाई मागता येत नाही. हे कलम ५५ मध्ये आहे. पाणी सुरू होऊन आपण दोन पाळ्या दिल्या आणि मग बिलाच्या दिवशी उशीर आठवला, हे टिकत नाही.

"पूर्ण व अंतिम"

ही सूचना पोटठेकेदार सभासदांसाठी आहे. अडल्या वेळी मुख्य ठेकेदार पन्नासऐवजी तीस हजार पुढे करतो आणि पावतीवर लिहून घेतो, "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, काही बाकी नाही." इंग्लंडात १९६५ साली डी अँड सी बिल्डर्स नावाच्या छोट्या ठेकेदारांना ४८२ पौंडांऐवजी ३०० देऊन अशीच पावती घेतली होती. त्यांची तंगी ओळखून ती घेतलेली असल्याने तिथल्या न्यायालयाने उरलेले पैसेही द्यायला लावले. आपल्याकडे त्या भरवशावर राहू नका. आपले कलम ६३ स्पष्ट म्हणते की घेणेकऱ्याला कमी रकमेवर समाधान मानून बाकी सोडून देता येते. स्वखुशीने सही केली की विषय संपला. बळजबरीने किंवा फसवून सही घेतली असेल तर वाद उरतो. २००९ साली बोघारा पॉलिफॅब या कंपनीच्या विमा दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. पण बळजबरी शाबीत करणे आपल्यावर येते, आणि नुसती पैशाची नड म्हणजे बळजबरी नव्हे. म्हणून तीस हजार घ्यायचे तर घ्यावेत, पण पावतीवर लिहावे, "खात्यावर जमा, बाकी हिशेब शिल्लक." एवढे लिहिल्याबरोबर समोरचा पैसे परत खिशात घालू लागला तर त्याचा हेतू तिथेच कळतो.

सामान उचलून नेणे

जेसीबीवाल्याला मी विचारले, "तू स्टार्टर नेलास कशाच्या जोरावर?" तो म्हणाला, "मोटार रिवाइंडिंगवाला पैसे दिल्याशिवाय मोटार देतो का?" मुद्दा चांगला काढला त्याने. पण दोन्हींत फरक आहे. आपण मोटार दुरुस्तीला त्याच्या ताब्यात देतो, तो तिच्यावर कारागिरी करतो, म्हणून त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत मोटार ठेवून घेण्याचा हक्क त्याला कलम १७० देते. आपण रात्री जाऊन त्याच्या दुकानातून उचलली तर चूक आपली. स्टार्टर आणि व्हॉल्व्ह मात्र मालकाने जेसीबीवाल्याकडे कधी सोपवलेच नव्हते. येणे कितीही खरे असो, दुसऱ्याच्या विहिरीवरचे सामान खोलून नेले की घेणेकरी असलेला माणूस पोलीस ठाण्यात आरोपी म्हणून उभा राहतो. आमच्या मालकाने फिर्याद केली असती तर त्याची मशीनही अडकली असती. त्यांनी ती केली नाही, हा त्यांचा मोठेपणा. आणि तसे पाहिले तर उसाचे सत्तावीस दिवस त्या मोठेपणातच गेले.

तीन वर्षे

कामाच्या पैशांची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षे आहे. पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्या दिवसापासून, ठरलेली असेल तर त्या तारखेपासून. "पुढच्या गाळपाला देतो, पुढच्या दिवाळीला देतो" असे ऐकता ऐकता तीन गळीत हंगाम जातात आणि दावाच बुडतो. मुदतीच्या आत समोरच्याने "इतके देणे आहे" असे लिहून सही केली, किंवा काही रक्कम देऊन त्याची सहीनिशी नोंद केली, तर तीन वर्षे नव्याने सुरू होतात. तोंडी कबुली कितीही जणांसमोर दिलेली असो, तिने मुदत वाढत नाही.

व्याज ठरलेले नसेल तर लेखी नोटीस देऊन "यापुढे व्याज मागणार" असे त्यात लिहावे. १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे ते धरता येते. धनादेश दिला आणि तो वटला नाही, तर बँकेचा निरोप आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोहोचल्यापासून १५ दिवस समोरच्याला, आणि ते संपल्यावर एक महिन्यात फौजदारी तक्रार, हा क्रम चुकवू नये. धनादेश स्वतः तीन महिनेच चालतो. यावरून मालक मंडळींनीही धडा घ्यावा. "हमी म्हणून असू द्या" असे म्हणून कोरा सही केलेला धनादेश ठेकेदाराच्या खिशात सोडू नये.

ज्यांनी आपल्या मशीनच्या धंद्याची उद्यम नोंदणी केली आहे त्यांना २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आधार आहे. त्यात ४५ दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत आणि लांबवल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. पण हा कायदा माल आणि सेवा पुरवणाऱ्यांचा आहे. खोदाई-बांधकामाच्या एकत्रित ठेक्यांना तो लागतो की नाही यावर न्यायालयांत मतभेद झालेले आहेत. नोंदणीही काम घेण्याआधीची असावी. वकिलाला विचारूनच त्या वाटेला जावे.

येथे कोणी सभासद विचारतील, "साहेब, आमच्या उसाच्या अखेरच्या बिलाचं काय?" गटसभेत हा प्रश्न मला विचारला गेलाच. त्याचा कायदा वेगळा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि त्यापुढे १५ टक्के व्याज. तो नियम कारखान्यालाही आहे, आणि हे कारखान्याच्याच पत्रकात छापायला मला संकोच वाटत नाही.

चर उघडा असताना

आमचा तंटा शेवटी मिटला तो पाच खड्ड्यांनी. मी तिघांना एका सकाळी रानात बोलावले. पाइपलाइनच्या वाटेवर पाच ठिकाणी, प्रत्येकाच्या पसंतीने, नळीपर्यंत खड्डे घेतले आणि टेप धरला. तीन ठिकाणी तीन फूट भरले. खडकाच्या पट्ट्यात एका जागी दीड आणि एका जागी पावणेदोन. मग त्या पट्ट्याची दोन्ही टोके शोधली, ती २६० फूट निघाली. बाकीचे काम चोख होते. तेवढे दिसल्यावर मालकांचा अर्धा राग तिथेच उतरला. इतके दिवस त्यांना सगळीच लाइन उथळ वाटत होती.

ब्रेकरचे नऊ तास धरले, १६,२०० रुपये मालकाने मान्य केले. उथळ पट्ट्यावर काँक्रीटचे आवरण घालायचे ठरले, त्याचे फुटाला ७० प्रमाणे १८,२०० वजा. ३४,००० मध्ये १६,२०० मिळवले आणि १८,२०० कापले, मालकाकडे बाकी निघाली ३२,०००. जेसीबीवाल्याच्या ३७,६०० मधून न मानलेल्या पाच तासांचे ९,००० गेले. उथळ खोदाईचा अर्धा भुर्दंड ९,१०० त्याने सोसला, कारण खोदणारा तो होता. अर्धा पाइपलाइनवाल्याने सोसला, कारण उथळ चरात नळी टाकणारा तो होता. जेसीबीवाल्याचे राहिले १९,५००. पाइपलाइनवाल्याने ती एक ओळ लिहून दिली, मालकाने १९,५०० थेट जेसीबीवाल्याला आणि १२,५०० पाइपलाइनवाल्याला दिले. पुढे कोणी फिरू नये म्हणून तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून हीच तडजोड लोकअदालतीत नोंदवली. दावा दाखल नसला तरी तसे करता येते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. स्टार्टर आणि व्हॉल्व्ह मात्र खड्डे घेतले त्याच संध्याकाळी परत बसले होते.

ऊस वाचला, पण कांड्या आखूड पडल्या. त्या सहा एकरांत मालकाचे जे गेले ते या हिशेबात कोणीच धरले नाही, त्यांनीही नाही.

ज्यांची कामे निघणार आहेत त्यांनी करारात पुढील मजकूर तरी घालावा. मुद्रांक किती लागतो ते स्टॅम्प व्हेंडरला विचारावे, पण मुद्रांक नाही म्हणून साधा कागदसुद्धा करायचा नाही, असे करू नये.

"चराची खोली ३ फूट, कोठेही अडीच फुटांपेक्षा कमी नाही. खडक लागल्यास काम थांबवून मालकास दाखवावे. ब्रेकरचा दर तासास अमुक रुपये, तासांची नोंद रोज संध्याकाळी दोघांच्या सहीने. चर बुजवण्यापूर्वी दर १०० फुटांवर दोघांनी मोजमाप घ्यावे. एकूण रकमेपैकी १० टक्के रक्कम पाणी सुरू झाल्यापासून ६० दिवस राखून ठेवण्यात येईल. त्या मुदतीत गळती अगर खोट न निघाल्यास ६१ व्या दिवशी ती अदा होईल. पोटठेकेदारांची देणी ठेकेदाराने भागवावयाची असून त्यांच्या बाकी नसल्याच्या पावत्या अखेरच्या बिलासोबत द्याव्यात."

दहा टक्के, साठ दिवस हे आकडे आपल्या सोयीने बदला. पण रक्कम, कारण आणि तारीख या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. ठेकेदारालाही आपले किती आणि कधीपर्यंत अडकणार हे आधी कळते, मग तो दर त्या हिशेबाने सांगतो.

मोजमाप घेताना चरात टेप उभा धरून, शेजारी खुंटीचा नंबर दिसेल असा फोटो मोबाइलवर काढावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे असे फोटो पुराव्यात दाखल करता येतात, सोबत एक ठरावीक प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून ते व्हॉट्सअॅपवर पाठवून मोकळे होऊ नका, ज्या मोबाइलने काढले त्यात मूळ फोटो राहू द्या. आणि चर बुजवायच्या आदल्या दिवशी गट कार्यालयात निरोप द्या. मी किंवा आमचा शेतकी मदतनीस शंभर फुटी टेप घेऊन येऊ. फक्त निरोप चर उघडा असताना यावा.

— ऊस विकास अधिकारी